नायोबियम कमी निघाला तेव्हा

शिरगाव,
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय रूपेश,

नमस्कार. घरी सगळे बरे असतील. आमच्याकडेही बरंच म्हणायचं. आईचे गुडघे दुखतात, तरी सकाळी जवळा वाळत घालायला जातेच. मी कॉलेजात शिकवते, सुट्टीला इकडे येते. तू बोईसरच्या कंपनीत लॅबमध्ये आहेस, हे आपल्या वर्गातल्या विपुलकडून कळलं. पाळ्या सारख्या बदलतात म्हणे. झोप होते का?

हे विचारायला अकरा वर्षांनी पत्र लिहीत नाहीये.

९ तारखेला, रविवारी तुझ्या घरी गेले होते. तू ड्यूटीवर होतास. नवसीमावशींना मी नाव सांगितलं नाही, तुझ्याबरोबर शिकायला होते एवढंच म्हटलं. त्यांनी चटई टाकली, कोरा चहा दिला. म्हणाल्या, "माजा पोर दगडांचा डाक्टर होनार होता. पन त्याच्याच हातून पिशव्या बदलल्या. अजून बोलतो, आये, माजीच चूक हाय. तुमी तरी सांगा त्याला, किती वरसं तेच धरून बसनार?"

मी चहा संपवला आणि निघाले. तिथंही बोलले नाही.

मनोरच्या पुढे डोंगर चिरत गेलेली ती काळ्या दगडाची भिंत तूच शोधली होतीस. भर उन्हात घण मारून आठ तुकडे काढलेस. पहिल्या वर्षाच्या मुलांना तू सांगायचास, लाव्हा गोठला तरी तो कुठल्या जागी वर आला हे दगडात राहतं, त्यातला नायोबियम हा धातू किती आहे ते मोजा. एक प्लेट दुसरीखाली बुडते तिथल्या दगडात तो फारच कमी असतो. अंदमानात तसं आहे. आपल्याकडे जमीन ताणली गेली, फाटली. इथं तो इतका कमी निघायला नको. आणि तुझ्या आठही नमुन्यांत नेमका कमी निघाला.

आपले गाईड सर सगळ्यांसमोर म्हणाले, "अंदमानचे आणि मनोरचे दगड तुला वेगळे ठेवता येत नाहीत? मग संशोधन कशाला करतोस?" अंदमानच्या आणि मनोरच्या, दोन्ही नमुन्यांच्या स्टोअरमधल्या पिशव्या तुझ्याकडे होत्या. पूड करून बाटल्यांत भरायचं काम माझं. मी सांगितलं, पिशवीवरचाच नंबर बाटलीवर लिहिलाय. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

तीन दिवसांनी स्टोअरमध्ये जाऊन पिशव्यांत उरलेले तुकडे पाहिले. पिशव्या बरोबर होत्या. बाटल्यांवरचे नंबर मी उलटे टाकले होते, अंदमानच्या पुडीवर मनोरचे.

त्याच आठवड्यात माझी फेलोशिपची मुलाखत होती. झाली की सांगू, म्हटलं. झाली, तोवर तू हॉस्टेल सोडून गेला होतास. मग सांगायचं राहिलं, असं मी स्वतःला सांगत आले. राहिलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच भिंतीचे नवे तुकडे आणले, आकडे हवे तसे आले आणि त्यावर माझ्या एकटीच्या नावाचा पेपर छापून आला. माझी नोकरी त्याच पेपरवर आहे.

शनिवारी सगळं लिहून विद्यापीठाला आणि त्या नियतकालिकाला पाठवलं. जागा तुझी होती, पहिले नमुने तुझे होते, हेही. सोबत प्रत जोडलीय. सरांना फोन केला. म्हणाले, "आता हे उकरून कुणाला काय मिळणार?" माझी चौकशी लागेल. लागू दे. वर्गात शिकवताना मुलं या विषयावर प्रश्न विचारतात, तेव्हा उत्तर द्यायचीही आता लाज वाटते.

तुला पुन्हा संशोधनाकडे वळायचं असेल तर तुकडे अजून स्टोअरमध्ये आहेत, तुझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. नसेल वळायचं तर तेही समजेल.

माफी मागत नाही. मागितली की काहीतरी उत्तर द्यायचं ओझं तुझ्यावरच येईल.

एकच कर. हे पत्र घरी मोठ्यानं वाच. मावशींना ऐकू दे.

तुझ्या बाजूनं तेव्हा बोलली नाही ती,
हंसा