‘हे कुठे आहे?’ या सदरासाठी योग्य माणूस

२ मार्च
सोसायटीचं वार्तापत्र आलं. शेवटच्या पानावर नेहमीचं सदर, ‘हे कुठे आहे?’ वस्तीतल्याच कशाचा तरी अगदी जवळून काढलेला फोटो असतो, जागा ओळखून कळवायची. मागच्या महिन्याचं उत्तर: वाचनालयाच्या दाराची कडी. मी लिहिलं होतं, दवाखान्याच्या दाराची. कडी तर ओळखली ना! दार कुठलं हा तपशील झाला.

बरोबर उत्तर पुन्हा खालच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याचं. नाव जाड टाइपात. दिवसभर दुकानात भिंगं घेऊन बसतो, त्याला जमणारच. मी नुसत्या डोळ्यांनी खेळतो.

मोठी बातमी वेगळीच आहे. सदर चालवणाऱ्या बाई मुलाकडे राहायला चालल्यात. पुढच्या फोटोचं उत्तर छापून झालं की सदर ‘चांगली नजर असलेल्या’ वाचकाकडे सोपवणार. म्हणजे कोणाकडे, हे काय सांगायला हवं? जन्मभर इमारत तपासनीस होतो. लोकांच्या भिंतीतल्या भेगा मी जिन्यातून ओळखायचो. रिटायर झाल्यापासून मात्र कोणी काही विचारत नाही. बायको विचारते, पण फक्त पाइपाबद्दल. खरं सांगायचं तर फार लागतं मनाला. हे सदर मला मिळालंच पाहिजे.

निश्चय: रोज सकाळी वस्तीची फेरी. कसून निरीक्षण.

३ मार्च
फेरी उद्यापासून. गुडघा.

५ मार्च
फेरी झाली. कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. निरीक्षण: बेकरी उघडी होती.

९ मार्च
बायकोची पुन्हा तीच भुणभुण. गॅलरीतल्या सिंकचा पाइप बाहेरच्या बाजूने गळतो, प्लंबरला बोलवा. तिला म्हटलं, ज्याने हयातभर दुसऱ्यांचे पाइप तपासले त्याच्या घरी प्लंबर? लोक काय म्हणतील!

शेवटी मीच कंबर कसली. गजांमधून हात बाहेर काढला आणि पाइपाच्या वळणावर कापड आवळून बांधलं. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून ऑफिसच्या निरोप समारंभात मिळालेला पट्ट्यापट्ट्यांचा टाय वापरला. गाठ दिसत नव्हती, पण हाताला पक्की लागली. काम फत्ते.

१४ मार्च
चष्मेवाला वर आला. वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडतं म्हणे. शुद्ध जळफळाट! सदर मला मिळणार याची कुणकुण लागलेली दिसते. मी शांतपणे सांगितलं की हवेत दमटपणा वाढलाय. त्याने शर्ट पिळून दाखवला. नाटकी माणूस.

बायको खाली अंगणात मोबाइल वर धरून उभी होती. लेकीने फोटो काढायला शिकवल्यापासून हिला ढगांचा नाद लागलाय. असू दे, तेवढाच विरंगुळा बिचारीला.

२ एप्रिल, सकाळी
अंक आला! फोटो काळापांढरा. पाइपाचं वळण, त्याला गुंडाळलेलं पट्ट्यांचं कापड, टोकाला लोंबणारा थेंब. खाली छापलंय, ‘एका वाचकाकडून’.

प्राथमिक मत: अत्यंत गचाळ काम. गाठ म्हणजे तर नुसता गुंता.

बायकोला दाखवला. ती बराच वेळ फोटोकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. मग विचारलं, काही ओळखीचं वाटतंय का. मी म्हणालो, असली कामं करणारी माणसं आपल्या ओळखीत नसतात. ती पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. आतून खोकल्याचा आवाज. औषध घे म्हटलं.

४ एप्रिल
पंपघर पाहिलं. नाही. वाचनालयाची मागची भिंत. नाही. बेकरीवाल्याला अंक दाखवला, तर तो म्हणाला, साहेब, हे तुम्ही मला विचारताय? बरोबर आहे त्याचं. तज्ज्ञाने इतरांना विचारत फिरू नये.

६ एप्रिल
लेकीचा फोन. आईने तिला फोटो पाठवला होता. म्हणाली, बाबा, नीट बघा हो, तो टाय आहे.

मी ताडकन उठून बसलो. टाय! म्हणजे रोज टाय लावणारा माणूस. आमच्या वस्तीत रोज टाय कोण लावतं? चष्मेवाला! पाइप त्याचाच. म्हणून तर शर्ट घेऊन वर आला होता, स्वतःचं झाकायला! लेकीला शाबासकी दिली. ती म्हणाली, बाबा, अहो बाबा, ऐका तरी. पण एवढा मोठा छडा लागल्यावर ऐकत कोण बसतो? फोन ठेवला.

७ एप्रिल
उत्तर पाठवलं. सोबत तज्ज्ञ म्हणून अभिप्रायही जोडला: ‘हे काम करणाऱ्याला शेजाऱ्यांची काडीची पर्वा नाही. अशा माणसाचं नाव जाड टाइपात छापावं, म्हणजे डोळे उघडतील.’

बाईंचा फोन आला. अभिप्राय खरंच छापायचा का, असं पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मी बजावलं, एक अक्षर गाळायचं नाही.

रात्री जेवताना बायकोला वाचून दाखवला. म्हणाली, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत. लग्न झाल्यापासून हे पहिल्यांदाच ऐकलं. डोळे भरून आले.

२ मे
अंक आला.

बरोबर उत्तर देणारे: सगळे. एक सोडून.

‘हे कुठे आहे?’ याचं उत्तर म्हणून माझं नाव. जाड टाइपात. त्याखाली अभिप्राय, अक्षरन् अक्षर. अभिप्रायाखाली लिहिणाऱ्याचं नाव, तेही माझंच, तेही जाड टाइपात.

खाली जाऊन वर पाहिलं. टाय आहे. गाठ खरंच वाईट आहे. चष्मेवाला शेजारी येऊन उभा राहिला. माझं उत्तर बाईंनी छापलं नव्हतं, पण त्याला ते कळलं असावं. त्याला सॉरी म्हणणार होतो. तोंडातून निघालं, हवा दमट आहे.

सदर बायकोला मिळालं. फोटो तिनेच पाठवला होता. बाईंनी लिहिलंय की रोज डोळ्यांसमोर असलेलं दिसायला वेगळी नजर लागते.

४ मे
प्लंबर यायचाय. मी घरीच. बायको पुढच्या अंकाचे फोटो काढायला बाहेर पडली. चपला घालता घालता तिने विचारलं, प्लंबरला पाइप दाखवाल ना, की अंक काढून ठेवू?