दोन ट्रान्झिस्टरची डबी

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत. यांचं गुडघ्याचं रडगाणं चालू आहे, म्हणजे तेही ठणठणीत. दुकानात आल्टरेशनच्या कपड्यांचा ढीग माझ्या उंचीला लागलाय. वहिनीला सांग, तिच्या कोटाची मापं मिळाली, पण बाहीला खांद्यात अर्धा इंच जास्त दिल्याशिवाय तिला वरच्या फळीवरचा डबा काढता येणार नाही, तेव्हा मी माझ्या मनाने देते आहे. तुझ्या गोळ्या वेळेवर चालू असतील असं धरून चालते.

हे सगळं फोनवर सांगून झालं असतं, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू 'बरं, बरं' करतोस आणि मी विषय बदलते. म्हणून पत्र.

बातमी अशी, की मी गिटारचं पेडल बनवलं. विकत आणलं नाही. बनवलं. माझ्या या दोन हातांनी. आणि दादा, ते वाजतं!

हो, मीच. जिला तू बल्ब बदलायला स्टुलावर चढू द्यायचा नाहीस, तीच मी.

यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाले, "पेडल? तुझ्या मशीनला आहे की एक." मग समजावून सांगितलं, की गिटारची वायर स्पीकरला जायच्या आधी या डबीतून जाते, पायाने खटका दाबला की साधा आवाज जाडाभरडा होतो, खरखरतो, लांबत जातो. यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे चांगला आवाज बिघडवायचं यंत्र. त्यासाठी इतका खटाटोप? माझा घसा आहे की." पण हे फार बोलत असले तरी टेबल त्यांनीच रिकामं करून दिलं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, मला खरखरीत आवाजाची डबी करायची आहे. आत दोनच ट्रान्झिस्टर हवेत, पत्र्याच्या टोपीवाले, आणि शेजारी एक निळा कपॅसिटर. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुम्ही शिवणकाम करता ना?" म्हटलं, हो, पण आज सुई-दोरा नको आहे. ते हसले, एका जुनाट वहीतली आकृती काढून माझ्यापुढे ठेवली, आणि मी झेरॉक्स काढून येईपर्यंत सुट्या भागांची पुडी बांधून ठेवली. घरी येऊन टेबलावर ओतली तर अवघे वीसएक तुकडे! एका कोटाला याहून जास्त बटणं लागतात.

मग सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून भाग जोडायचे. ती गरम दांडी म्हणजे टोकदार इस्त्रीच, आणि इस्त्रीला मी कधी घाबरले नाही. पण इथे इस्त्री कापडावर फिरवायची नसते, टेकवायची आणि उचलायची असते. पहिल्या आठवड्यात मी जे काही चिकटवलं ते काकांना दाखवलं, तर म्हणाले, "हे सोल्डरिंग आहे, की कबुतरं बसून गेली?" सगळं पुन्हा केलं. दोन बोटं भाजली. शिंप्याची बोटं, त्यांना सुईची सवय, चटक्याची नाही. पण शेवटी एकेक टाका असा चकचकीत आला, की मी यांना बोलावून बोलावून दाखवत होते आणि हे "वा" म्हणून परत पेपरात जात होते.

सगळं जोडलं, बॅटरी लावली, खटका दाबला. काही नाही. साधी कुरकुरसुद्धा नाही.

चार दिवस डोकं खाजवलं. वायरी तपासल्या, बॅटरी बदलली, काकांकडे जाणार नाही असा पण केला, कारण कबुतरं अजून डोक्यात होती. पाचव्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाची पँट उलटी करत होते आणि हात थांबला. पर्समधली झेरॉक्स काढली, खिडकीच्या काचेवर पालथी लावली आणि उजेडात मागून पाहिली. दादा, आकृतीत सगळे भाग वरून दिसतात, आणि टाके घालायचे ते भाग ज्या पट्टीवर बसवतात तिच्या खालून. मी पट्टी उलटी केली होती आणि कागद तसाच सुलटा ठेवला होता! डावं ते उजवं, उजवं ते डावं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पंचवीस वर्षं जी बाई रोज कपडा उलटा करून शिवते, जिला अंधारात बोटांनी उलटी बाजू कळते, तिने हा पराक्रम केला. मी इतक्या मोठ्याने हसले, की पँटवाला गृहस्थ दोन पावलं मागे सरकला. त्याला वाटलं, पँटला हसते आहे.

मग उसवलं. आणि उसवण्यात मला कोण हरवणार? एका दुपारी सगळं सोडवलं आणि दुसऱ्या दुपारी सगळं परत घातलं.

या खेपेला आवाज आला. मी सगळं रिळांच्या प्लास्टिकच्या डब्यात बसवलं होतं. खटका दाबला आणि स्पीकरमधून एक बाई स्वच्छ म्हणाली, "उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील." हे पेपर टाकून उभेच राहिले. काकांना सांगितलं तर पोट धरून हसले. डबीने रेडिओ पकडला होता. "प्लास्टिक नको, धातूचं घर द्या तिला, म्हणजे बाहेरचं ऐकणार नाही." घरात धातूचं काय आहे म्हणून शोधलं, तर माळ्यावर माझ्या पहिल्या मशीनचं बिडाचं पेडल पडलेलं. आतलं सगळं काढून टाकलं, झाकण दोन स्क्रूंनी पक्कं केलं, आणि शेजारच्या चावीवाल्याकडून भोकं पाडून घेतली. हे म्हणाले, "बघ, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तुझ्याकडे पेडल आहे." आता ते हेच सगळ्यांना सांगत फिरतात, जणू बनवलं यांनीच.

आणि मग ते वाजलं. एक तार छेडली आणि ती भिंतीपर्यंत गेली, परत आली, तरी थांबेना. खिडकीची काच थरथरली. मी एकाच सुरावर किती वेळ उभी होते मला माहीत नाही. रडले, हेही सांगून टाकते.

आता तू विचारशील, गिटार कुठली? तुझीच. तू जाताना म्हणाला होतास, नीट गुंडाळून माळ्यावर टाक. ती माळ्यावर कधी गेलीच नाही. दुकानातल्या ट्रायल रूममध्ये, शर्टांच्या मागे, बावीस वर्षं उभी आहे. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी वाजवते. तुला कळवलं नाही, कारण तू म्हणाला असतास, 'तुला काय करायचंय गिटार?' तुझ्या डोक्यात मी म्हणजे तुमच्या बँडचे कोट शिवणारी. मी कोटही चांगले शिवले होते म्हणा.

आवाज तोच आला, दादा. अगदी तोच. बँडच्या दिवसांतल्या तुझ्या केशरी डबीचा.

इथे पत्र थांबवून मी दोन वेळा चहा केला, एकदा उगाचच कपाट आवरलं. आता लिहिते.

एव्हाना तू वर जाऊन काकांचा भाग पुन्हा वाचला असशील. तुझ्या डबीत दोन ट्रान्झिस्टर होते आणि कपॅसिटर निळा होता, हे मला कसं ठाऊक? तू तर तिचे स्क्रूसुद्धा कुणाला पुसू दिले नाहीस.

मी ती उघडली होती.

तुमच्या बँडच्या स्पर्धेला चार दिवस होते. तू बाहेर गेला होतास. मी तुझी गिटार चोरून वाजवत होते, पहिल्यांदा नव्हे, आणि एवढ्याशा डबीत एवढा आवाज मावतो कुठे हे मला बघायचं होतं. झाकण काढताना एक बारीक वायर तुटली. ती जोडायला मी विणायची सुई गॅसवर लाल केली आणि आत टेकवली. धूर निघाला, एक ट्रान्झिस्टर काळा पडला. मी घाबरले. डबी चिंध्यांच्या गाठोड्यात घातली, आणि तासाभरात चिंध्या नेणारा गाठोडं घेऊन गेला. म्हटलं, संध्याकाळी दादा आला की सांगू.

संध्याकाळी तू ठोक्याबरोबर आलास, डबी जागेवर दिसली नाही आणि तू त्याच्यावरच ओरडायला लागलास. आदल्याच दिवशी तो गमतीने म्हणाला होता ना, 'ही डबी मी एक दिवस पळवणार आहे'. शाळेपासूनचा तुझा मित्र, तुझ्या प्रत्येक गाण्याला ड्रमवर ताल धरणारा. तो शपथा घेत होता आणि तू म्हणालास, "परत या दारात तोंड दाखवू नकोस." मी आतल्या दारात उभी होते. हातात त्याच्याच कोटाची बाही होती. एक वाक्य बोलायचं होतं. बोलले नाही. उद्या बोलू म्हटलं, आणि मग उद्या संपेचनात. तुमचा बँड मोडला, तू दोन महिन्यांत ती नोकरी घेऊन गेलास आणि पुन्हा तारेला हात लावला नाहीस. हे सगळं माझ्या गप्प बसण्यामुळे झालं. मला कुणी दोष दिला नाही, म्हणून ते कमी होत नाही.

ठोक्या इथेच असतो. रंगाचं दुकान आहे त्याचं. त्याच्या पँटी मी नेहमी सगळ्यांच्या आधी करून देते, आणि त्याला वाटतं मी फार मायाळू आहे. मागच्या ऑक्टोबरमध्ये तो कमर सैल करायला आला. म्हणाला, आम्ही चार म्हातारे होऊ घातलेले पुन्हा वाजवायला लागलोय, हॉलच्या मागच्या खोलीत, रविवारी सकाळी. मग मी टेप लावत असताना पोट आत ओढत म्हणाला, "खरंच गं, कुणी नेली असेल ती डबी? मी अजून कुठे जुन्या वाद्यांचं दुकान दिसलं की आत जाऊन बघतो, केशरी काही दिसतंय का. मिळाली तर तुझ्या दादाच्या दारात ठेवून येईन. बेल न वाजवता."

बावीस वर्षं तो ती शोधतोय, दादा. मी माप चुकीचं लिहिलं त्या दिवशी.

म्हणून पेडल. रिकाम्या हातांनी कबुली द्यायची माझी हिंमत नव्हती. आणि खरं सांगायचं तर, डबी होईपर्यंत सांगायचं टळतही होतं.

परवाच्या रविवारी गेले. बाकीचे यायच्या आधी त्याला गाठलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने ऐकलं. काठ्या खाली ठेवल्या आणि बाहेर निघून गेला. खिडकीतून दिसत होता, हॉलला चकरा मारत होता. पाच-सहा चकरा झाल्यावर आत आला.

"बावीस वर्षं?" म्हणाला.

"हो."

"आणि दर वर्षी माझी पँट सैल करत होतीस."

"हो."

"रागावलोय मी. खूप रागावलोय, आणि ते आज उतरणार नाही." मग ड्रमच्या मागे जाऊन बसला. "ते बिडाचं काय आणलंयस ते लाव."

लावलं. आणि पाय दाबून ठेवला, मशीनवर ठेवते तसा! तो ओरडला, "अगं, एकदा दाब आणि सोड! शिवते आहेस का?" दाबला, सोडला. एक, दोन, तीन, चार म्हणाला, आणि आम्ही वाजवलं. बाकीचे तिघे दारात येऊन थांबले आणि आत यायचंच विसरले. संपल्यावर एकाने विचारलं, ही कोण? ठोक्या घाम पुसत म्हणाला, "गिटारवाली. आजपासून."

शनिवारी १ मार्चला, संध्याकाळी पाच वाजता, त्याच हॉलमध्ये आमचा कार्यक्रम आहे. मी पुढे उभी राहणार आहे. पेडल तुला भरपाई म्हणून देत नाहीये. ते मी बनवलं, ते माझं आहे, आणि ते मीच वाजवणार. तुझं जे माझ्याकडे होतं ते हे पत्र.

तुला मी कळवते, असं ठोक्याला म्हटलं तर तो म्हणाला, "कळव. मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं, मी नेली नाही." पण निघताना स्वतःहून एका चिठ्ठीवर त्याचा नंबर लिहून दिला. तो सोबत जोडला आहे.

माझ्यावर रागव, हवं तितकं, हवे तितके दिवस. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण हे पत्र खाली ठेवशील तेव्हा आधी त्याला फोन कर.

आणि तुझ्याकडे कागदावर असावं म्हणून सहीच्या वर स्वच्छ अक्षरांत लिहून देते, कुणालाही दाखव: केशरी डबी ठोक्याने नेली नव्हती. ती मी मोडली आणि मी लपवली.

तुझी धाकटी बहीण,
गिटारवाली