ओटीवरचा ऑनलाइन दवाखाना

सोमवार, १० मार्च २०२५. सकाळी ११.१०
ओटीवरचं टेबल दुसऱ्यांदा पुसून लिहायला बसलो. आजपासून केंद्र सुरू. फोन माझा, समोर रुग्ण, फोनमध्ये डॉक्टर. सीवूड्सच्या टॉवरवाल्यांना मिळतं ते आता कोळीवाड्यालाही. दहावी राहिली म्हणून काय झालं? केंद्राचा बोर्ड मीच रंगवला, त्यावर एकही चूक नाही.

पहिली रुग्ण काशीआत्या. साखर आहे, पायाच्या करंगळीला जखम. वाशीला मासळी विकते. हॉस्पिटल नको म्हणाली, ‘येक दिस नाय बसली त जागा गेली माझी.’ म्हणूनच तर केंद्र!

दुपारी १२.३०
फोनवरच्या डॉक्टरबाईंना आत्याचं बोलणं समजेना. उत्तरं मीच दिली. दुखतं का? नाही. आत्या म्हणाली होती, ‘बोट हाय का नाय त्येच कलत नाय.’ म्हणजे दुखत नाहीच. वास येतो? मासळीचा, व्यवसायामुळे. फोटोआधी जखमेवर हळद भरली. फोटो स्वच्छ आला. गोळ्या, मलम, रोज ड्रेसिंग. पाचव्या दिवशी प्रत्यक्ष दाखवा म्हणाल्या. सगळ्यांनाच म्हणत असतील.

मंगळवार, ११ मार्च
रुग्ण शून्य. आई म्हणाली, ‘टेबल पुसून पुसून पातल व्हईल.’ दुर्लक्ष. उद्यापासून रोज पाच रुग्ण.

गुरुवार, १३ मार्च. होळी
होड्या किनाऱ्याला. आत्याच्या घरात दोन दिवस मासळी नाही. ड्रेसिंग करताना वास तोच. हात पुन्हा धुतले. तिचं टोपलं उन्हात ठेवलं. टोपल्याचाच असणार. डॉक्टरबाईंना कळवावं का? पण उत्तर बदललं तर केंद्रावर विश्वास कोण ठेवणार?

शुक्रवार, १४ मार्च
पाचवा दिवस. धुळवड. ड्रेसिंगला रंग लागेल. उद्या नक्की.

शनिवार, १५ मार्च
सकाळी आत्याला ताप, पाय घोट्यापर्यंत सुजलेला. रिक्षानं वाशीच्या हॉस्पिटलात. दोन बोटं काढली. पाय राहील का, ते परवा सांगतील. सर्जन ओरडले, इतके दिवस डॉक्टरला का दाखवलं नाही? आत्या तापातही ऐटीत म्हणाली, ‘दाखवलाय ना! आमच्या मिथुननं दाखवलाय.’
मी पाण्याची बाटली भरायला गेलो. ती भरलेलीच होती.

रविवार, १६ मार्च. संध्याकाळी ७
आज आत्याची जागा मी धरली. शेजारच्या कमळीमावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘डॉक्टर, जरा पापलेट तपासा!’ निम्मी मासळी तशीच परत आणली.
खर्च: रिंगलाइट ४५०, रिचार्ज ३४९, रिक्षा २२०, औषधं १,८६०.
देणं: बर्फवाल्याचे १५०.
आत्यानं अजून काहीच मागितलेलं नाही.