भट्टी उघडताना

५ मार्च

नव्या कामाचा पहिला आठवडा संपला. कपबशांच्या काठावर रेघ ओढायची, बस! पण रेघ सरळ येईल तर शपथ. शेवटी शेजारच्या बाईंनी माझं कोपर धरून टेबलावर टेकवलं, तेव्हा कुठे हात थांबला. त्यांना सगळे तडाकाकी म्हणतात. तोंडावर! आणि त्या 'ओ' देतात. मला वाटलं, आडनावच असेल.

७ मार्च

आज पहिल्यांदा भट्टी उघडताना पाहिली. सगळे हातातलं टाकून दाराशी जमले. भट्टीमामा – भट्टी यांच्या ताब्यात, वट मालकांपेक्षा जास्त – दार जरासं किलकिलं करतात आणि आतून आवाज यायला लागतो. टिण... टिण... बाहेरची हवा लागली की भांड्यांवरचा चकाकीचा थर आवळतो, म्हणून. आणि आम्ही राखाडी रंगवलेलं सगळं निळं होऊन बाहेर येतं! मी आ वासून बघत राहिले.

मग लक्षात आलं, तडाकाकी नाहीत. त्या मागच्या अंगणात आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून उठून गेल्या. का?

८ मार्च

विचारलं. (दादा मला 'चौकशी खिडकी' म्हणतो ते उगाच नाही.)

काकी कामाला लागल्या त्या दिवशी भट्टीतला सगळा माल तडकला होता. तेव्हाचे भट्टीवाले म्हणाले, ही पांढऱ्या पायाची. झालं! ते बिचारे कधीच वर गेले, पण नाव इथेच राहिलं. तेव्हापासून भट्टी उघडताना काकी बाहेर. मी भट्टीमामांना म्हटलं, त्या बाहेर असूनही कप तडकतातच की. तर म्हणे, तेव्हा ती आत डोकावली असेल. आणि नाही तडकले तर? ती बाहेर होती म्हणून! कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली होती एकदा. आता कावळा गावाला गेला तरी फांदी त्याच्याच नावावर.

९ मार्च

आई म्हणते, नको तिथे नाक खुपसू नकोस, नोकरी नवी आहे. बरं.

१४ मार्च

डबा खाताना काकींनी हळूच विचारलं, "उघडताना आवाज येतो म्हणतात. कसा येतो गं?"

अख्खं आयुष्य इथे ब्रश चालवला या बाईने, आणि तो आवाज ऐकला नाही! मी चमचा वाटीवर वाजवून दाखवला. असा नाही, म्हटलं, याहून बारीक, आणि एकदम चहूकडून. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या. मग मी म्हटलं, या ना एकदा. ब्रश धुता धुता म्हणाल्या, "नको बाई. माझ्यापायी कुणाचं नुकसान नको."

म्हणजे त्यांनाही ते खरंच वाटतं? मला राग आला. कुणाचा, ते नीट कळलं नाही. या महिनाअखेरीला त्या निवृत्त होणार आहेत. त्याआधी एकच भट्टी उघडायची आहे.

१७ मार्च

आधी मालकांकडे गेले. ते म्हणाले, माझा कुठे विश्वास आहे असल्या गोष्टींवर? पण भट्टीवाल्याचं मन मोडवत नाही. मग भट्टीमामांकडे. ते म्हणाले, मला काय त्याचं? मालकांना चालायचं नाही. गंमतच आहे! बाई अंगणात बसलीय, आणि तिला तिथे बसवलंय कुणी, तर कुणीच नाही.

२० मार्च

आज नुसती नावंच ऐकत होते. माल बांधणाऱ्याला सगळे 'घाईगाडी' म्हणतात, तो मजेत हॉर्न वाजवून दाखवतो. मला घरी चौकशी खिडकी म्हणतात, मी उलट दादाकडे तिकिटाचे पैसे मागते. मग काकींचंच नाव मला का खटकतं? आईला विचारलं. भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "तुला नाव ठेवून कुणी दाराबाहेर ठेवतं का?"

नाक खुपसू नकोस म्हणणारी हीच!

२५ मार्च

केलं एकदाचं. मालकांना सांगितलं, भट्टीमामांची हरकत नाही. भट्टीमामांना सांगितलं, मालकांची हरकत नाही. यात खोटं काय होतं? दोघेही 'मग मला काय' म्हणाले आणि एकमेकांना तोंड चुकवत फिरले.

काकींना पटवायला मात्र घाम फुटला. शेवटी म्हटलं, तडकलं तर माझ्या पगारातून कापू देत. त्यावर हसल्या आणि म्हणाल्या, "तुझा पगार तो केवढा!" पण नाही म्हणाल्या नाहीत.

२८ मार्च

आल्या! सगळ्यांच्या मागे, भिंतीला चिकटून उभ्या होत्या. मी हात धरून पुढे आणलं. भट्टीमामांनी दार किलकिलं केलं आणि आवाज सुरू झाला. काकींनी डोळे मिटून घेतले. मीही मनात देवाचं नाव घेतलं, खोटं कशाला बोलू!

एकही भांडं तडकलं नाही. वरपासून खालपर्यंत सगळं निळंशार! घाईगाडीने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. भट्टीमामा तर असे खूश, जणू कल्पना त्यांचीच. "बघा, काही झालं का? उगाच आपलं मनात धरून बसायचं," असं काकींनाच वर सुनावलं. काकींनी आपण रंगवलेली एक बशी उचलली, पुन्हा जागेवर ठेवली आणि टेबलाशी जाऊन बसल्या. आनंदाने काही सुचत नसेल. मी जिंकले! घरी येऊन दादाला तीनदा सांगितलं.

३१ मार्च

काकींचा शेवटचा दिवस. निघताना त्यांनी आपले ब्रश माझ्या हातात दिले. मी विचारलं, आता तरी बरं वाटतंय ना? त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाल्या, "एखादा तरी कप तडकायला हवा होता गं. नाहीतर मग मी इतकी वर्षं बाहेर कशाला बसले?"