दसऱ्याला पुजलेलं वाफेचं यंत्र

ख्राइस्टचर्च,
दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप मंदावन्सं यांना नीताचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? इथे वसंत आलाय, म्हणजे कॅलेंडरात आलाय. माझा स्वेटर काही उतरलेला नाही. बाकी मी बरी आहे. आई गांजा ओढते आणि घराला आग लावते असं अनिरुद्धने तुम्हाला फोनवर सांगितलं म्हणे. पहिलं साफ खोटं आणि दुसरं अर्धंच खरं, म्हणून सविस्तर लिहिते. (फोनवर तुम्ही ओरडता, मला हसू येतं आणि सांगायचं राहून जातं.)

मागच्या हिवाळ्यात मला नागीण झाली होती. फोड गेले, पण बरगडीखालची आग राहिली. ब्लाउजचं कापड लागलं तरी चटका बसतो. सगळ्या गोळ्या करून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी गांजाची सुकवलेली फुलं लिहून दिली. इथे ती चिठ्ठीवर रीतसर मिळतात, डबीवर माझं नाव छापलेलं असतं. मी म्हटलं, बाई, ह्या घरातला माणूस सिगारेटीने नेला (तुम्ही ह्यांना धाकटा भाऊ म्हणून ओरडलात, मी नवरा म्हणून ओरडले, दोघींचा काही उपयोग झाला नाही), आता मी धूर ओढू का? त्या म्हणाल्या, ओढायचंच नाही. त्यासाठी मुठीत मावेल असं यंत्र असतं. त्यात फूल जळत नाही, नुसतं तापतं. पोळी शेकणं आणि पोळी करपवणं यात जो फरक, तोच. करपलं की धूर, बेताने तापलं की विरळशी वाफ, ती नळीतून सावकाश आत घ्यायची. अगदी निर्धोक आहे असं काही त्या म्हणाल्या नाहीत, पण धुरापेक्षा बरं. मी लायब्ररीतून फुप्फुसांवरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचून काढलं. बाई खरं बोलत होत्या. (हे पुस्तक लायब्ररीत ह्यांच्या वेळीही होतंच.) संध्याकाळी दोन झुरके वाफ घेतली की दुखणं जात नाही, पण शेजारच्या खोलीत जाऊन बसतं. तेवढ्यात मला झोप लागते.

आता दसरा. दरवर्षीप्रमाणे मी शिलाई मशीन, मिक्सर आणि ह्यांची मोजायची टेप पाटावर मांडली. इतक्या उपयोगाचं नवं यंत्र कसं वगळायचं, म्हणून तेही मांडलं. धुऊनपुसून ठेवताना त्याचं झाकण उघडं राहिलं होतं, ते माझ्या ध्यानात आलं नाही. हळदकुंकू मी सढळ हाताने वाहते हे तुम्ही जाणताच. वर झेंडू ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी झेंडू उचलला, वरवर पुसलं, औषध भरलं, बटण दाबलं. आधी करपलेल्या फोडणीचा वास आला, मग पिवळट धूर. घाबरून मी ते पेपर नॅपकिनवर टाकलं, तर तोही धुमसायला लागला. छताची घंटा केकाटू लागली आणि शेजारच्या जोनबाईंनी बंब बोलावला.

चार धिप्पाड माणसं बुटांसकट हॉलमध्ये आली. त्यांचा मुख्य माओरी होता. त्याने किया ओरा असा त्यांच्या भाषेतला नमस्कार करून हवेत नाक फिरवलं आणि स्वयंपाकात काय करपलं म्हणून विचारलं. मी औषधाची डबी दाखवली आणि यंत्रांची पूजा का करतात तेही सांगितलं. माणूस हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, मग आमचा ट्रक राहिलाच की. वन्सं, मी त्यांच्या बंबाला हळदकुंकू लावलं. वायपरखाली झेंडू खोचला, तेव्हा त्याने हेल्मेट काढून हातात धरलं होतं.

हे गेल्यापासून घरात एकदम इतकी माणसं पहिल्यांदाच आली. कार्पेटवरचे बुटांचे ठसे मी संध्याकाळपर्यंत पुसले नाहीत.

जोनबाईंनी अनिरुद्धला कळवलं. उत्तर बेटावरच्या रोटोटुनाहून त्याचा लगेच फोन आला, की आई, तू आता एकटी राहू नकोस, खालची खोली रिकामी आहे, सानिकाही म्हणतेय, इकडेच ये. मी म्हटलं, नको रे, तुमचा संसार तुम्ही करा, माझी इथे लायब्ररी आहे, बाग आहे, मला काय कमी आहे. तो म्हणाला, "ओके आई, तुझी मर्जी." मग श्रियाने फोन घेतला. "हाय आज्जी" एवढं मराठीत झालं, पुढे नव्या जँडल्सचं (इथे रबरी चपलांना असं म्हणतात) सगळं इंग्रजीत. मी हो हो म्हणत राहिले.

तेव्हा काळजी नसावी. मी इथे मजेत आहे आणि इथेच राहणार. भावजींना नमस्कार सांगा आणि गुडघ्यांना जपा.

तुमची,
नीता

ता. क. यंत्र नीट साफ झालं. पहिल्या वाफेला मात्र अजून वरणाचा वास येतो.

दुसरा ता. क. मजेत वगैरे खरं नाही. वन्सं, आपल्याकडे पहिलं ‘नको’ कधी कोणी धरलंय का? तुम्ही मला माहेरपणाला राहा म्हणायचात तेव्हा मी किती वेळा नको म्हणायची, आणि तुम्ही माझी बॅग उचलून आत ठेवायचात. अनिरुद्ध शाळेत असताना इकडे आला. कोणी नको म्हटलं की ते नकोच, असं त्याला इथे शिकवलं. चांगलंच शिकवलं, पण आईचं तसं नसतं हे सांगायचं राहिलं. तुम्ही आत्या आहात, तुम्ही त्याला सांगा, आईला आणखी एकदा विचार. मी लिहिलंय म्हणू नका. मी सवयीने पुन्हा नको म्हणेन. त्याने फोन तेवढा ठेवू नये.