नातीचं रक्त आणि दाजींचा फेटा

कसबा बावडा

तीर्थस्वरूप बाळासो दाजी यांना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे केरबाचा, साष्टांग नमस्कार. (कंबर धरली असल्यामुळे साष्टांग फक्त कागदावर आहे, तो गोड मानून घ्यावा.) आपला गुडघा कसा आहे? आमच्या अक्काची साखर ताब्यात आहे का? वडगावात पाऊसपाणी बरं असेल. गेल्या दोन दिवाळ्या आपण उभयता इकडे फिरकला नाहीत, म्हणून हे सगळं पत्रातून विचारावं लागतं. फोन केला असता, पण आपण उचलत नाही, आणि उचललात तर मला काय बोलायचं ते सुचणार नाही.

आनंदाची बातमी अशी, की आमच्या सम्राटला मुलगी झाली. थोरल्या आदर्शच्या पाठीवर घरात लक्ष्मी आली. दुसऱ्या दिवशी पोरगी पिवळीधमक दिसायला लागली. मी दवाखान्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होतो, की हा आमच्या घराण्याचा रंग आहे, आमची आजी अशीच केवड्यासारखी होती. (आजीचा एकही फोटो नाही, त्यामुळे कुणाला खोडून काढता आलं नाही.) एका बाईंनी तर कौतुकानं तीट लावायला सांगितलं. तेवढ्यात डॉक्टर प्रियदर्शनी मॅडम आल्या, पोरीकडं बघितलं आणि म्हणाल्या की ही कावीळ आहे, आणि ती झपाट्यानं वाढते आहे. सूनबाईचं रक्त निगेटिव्ह, पोरीचं पॉझिटिव्ह. आदर्शच्या वेळी काही जाणवलं नव्हतं, पण तेव्हापासून आईच्या रक्तात जे तयार झालं, ते आता पोरीचं रक्त फोडत होतं. निळ्या दिव्याखाली ठेवली तरी कावीळ उतरेना. शेवटी मॅडम म्हणाल्या की सगळं रक्त बदलावं लागेल. नाहीतर कावीळ मेंदूत शिरेल, कान जातील, कदाचित पोरही हाती लागणार नाही.

दाजी, मी जिन्याखाली जाऊन देवाला नवस बोललो. हे मी आमच्या मंडळींना, म्हणजे बनाबाईलाही, सांगितलेलं नाही, तुम्हीही अक्काला सांगू नका.

पण मी नुसता नवस बोलून बसणारा माणूस नाही. भावकीत निरोप गेला आणि तासाभरात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सगळे दवाखान्याच्या दारात हजर. उसाच्या फडातून आलेले कोयत्यासकट आले. (वॉचमन पळून गेला होता, त्याला नंतर समजावून आणला.) अशी भावकी कोल्हापूर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाची असेल तर दाखवा. मी पुढं होऊन, बाही वर सारून मॅडमना म्हटलं, "आमचं रक्त शंभर नंबरी हाय. किती पायजे तेवढं काढा की." त्या शांतपणे म्हणाल्या, "आजोबा, एवढ्या लहान बाळाला जवळच्या नात्यातलं रक्त देणं आम्ही टाळतो. ते बाळाच्याच अंगावर उलटू शकतं. ओ निगेटिव्ह पाहिजे, आणि रक्ताच्या नात्याबाहेरचं."

हे शब्द ऐकले आणि सगळी भावकी माझ्याकडं बघायला लागली. आपल्याला आठवत असेल (आठवत असणारच, नाहीतर दोन दिवाळ्या वाया गेल्या नसत्या), नव्या घराची जागा ठरवायला आमची बैठक बसली होती. आपण चांगल्या मनानं दोन शब्द बोलायला गेलात आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "पावणं, ही रक्ताची बैठक हाय." आपण चपला घातल्या आणि अक्काला घेऊन निघून गेलात. आता आपला गट ओ निगेटिव्ह, हे आपण मोटारसायकलच्या मागं नंबरापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलंय, त्यामुळे भावकीतल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत आहे. मी मुकाट्यानं आपला नंबर लावला. आपण उचलला नाही. तेवढ्यात देवाची कृपा, रक्तपेढीत ताजी पिशवी मिळाली.

मग मॅडमनी बेंबीतून बारीक नळी घातली. एक पिचकारी जुनं रक्त काढायचं, तेवढंच नवं घालायचं, परत काढायचं, परत घालायचं. आम्ही काचेबाहेर उभे. एवढीशी मूठ, पण तिनं नर्सचं बोट जे धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. मला इतका अभिमान वाटला की मी रडलो. नात माझी वाघीण आहे.

भावकीनंही हात हलवत परत जायचं नाही म्हणून रक्तपेढीत रांग लावली. आता आमचं शंभर नंबरी रक्त उचगावपासून गडहिंग्लजपर्यंत कुणाकुणाच्या अंगात खेळत असेल, याचाही मला अभिमान आहे. (मला चक्कर आली ही अफवा आहे. पलंग रिकामा होता म्हणून मी पडलो.)

पण पोरीला मिळालेलं रक्त कुणाचं, हे रक्तपेढीवाले सांगत नाहीत. नियमच आहे. त्यामुळे माझी फार पंचाईत झाली आहे. डेअरीवर, बाजारात, कुणावर ओरडायला तोंड उघडलं की वाटतं, हाच असला तर? सध्या सगळ्या जगाशी गोड बोलतो आहे. बनाबाईला वाटतं मला बरं नाही.

आपला मेव्हणा,
केरबा

ता. क. त्याच आठवड्यात आपल्या स्टेटसला वडगावच्या रक्तदान शिबिराचा फोटो होता. (मी आपलं स्टेटस बघत नाही, बनाबाईनं दाखवला.) बारशाला मानाचा फेटा आपल्यासाठी आणून ठेवला आहे. पिशवी आपली नसली तर कुणाला सांगू नका. फेटा तरीही आपलाच.

आणखी ता. क. सम्राटला बहीण नाही, म्हणजे आत्याचा मान अक्काचा. तिच्यावाचून बारसं दोनदा पुढं ढकललं, पोरीला अजून सगळे "बाळ"च म्हणतात. काल मॅडमनी तिचे कान तपासले. दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू येतं. दाजी, आता त्या कानात नाव सांगायला अक्काला घेऊन या.