दस्तुरीच्या वर लाल ओम्नी

३ जुलै, गुरुवार

पुन्हा पांढरा फुटला! अकराला लाल मारला, साडेअकराला चिमुकल्या गाडीचं छप्पर दुधाळ. दह्यात बीट कालवल्यासारखा रंग झाला. तिसरी वेळ ही.

खिडक्या बंद, फटीत कागद कोंबलेले, तरी धुकं आत येतंच. ओल्या रंगावर जाऊन बसतं आणि सगळी मेहनत मातीत. फुरकान सामान घेऊन आला होता. घोडा दारात बांधून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "धनेशभाऊ, हितं पावसात मीठ सुकं ऱ्हात नाय, आन तुमी रंग सुकवताय?"

म्हटलं, बघच तू.

दसऱ्यापर्यंत थांब, असं सगळेच सांगतात. नाही थांबणार! पावसाने मला दोन वर्षं बरंच काही ऐकवलंय. आता त्याने माझं ऐकायचं.

५ जुलै, शनिवार

आज पाण्याचा घासकागद घेऊन सगळा लाल घासून काढला. बोटांची सालं निघाली.

हॉटेल सप्टेंबरपर्यंत बंद. बावीस खोल्या, राखणीला मी एकटा. सात नंबरची खोली माझी रंगाची. तयार गाड्या रिसेप्शनच्या मागे, पाहुण्यांच्या किल्ल्या ठेवायच्या खणांत, एका खणात एक. चौदा झाल्या. एक नंबरचा खण रिकामा ठेवलाय.

माथेरानात गाडीला बंदी. दस्तुरी नाक्यावर भल्याभल्यांना उतरावं लागतं, मंत्री असो नाहीतर शेठ. अँब्युलन्सची गोष्ट वेगळी, आणि ई-रिक्षाला मी गाडी धरत नाही. माझ्या चौदा मात्र दस्तुरी ओलांडून वर आल्या — घोड्यावर बसून! अडवा म्हणावं.

१० जुलै, गुरुवार

त्या चौदातली एकही माझी नव्हती. ही आहे.

भिसेगावात घरासमोर ताडपत्रीखाली माझी लाल ओम्नी दोन वर्षं उभी आहे. तिचीच ही वीतभर प्रत. प्लास्टिकचं खेळणं आणलं, मूळ रंग उतरवला, बंपरला माझ्या बंपरसारखा पोचा पाडला. रंगसुद्धा खऱ्या गाडीचाच, पत्र्यावरचे ओरखडे बुजवायला मिळतो तो स्प्रेचा डबा. फुरकानने नेरळहून शेवटचा उरलेला आणला. जपून वापरायला हवा.

एकोणीस वर्षं नेरळ ते दस्तुरी टॅक्सी, दिवसाला चार-चार फेऱ्या. लाल घेतली कारण धुक्यात समोरच्याला लांबून दिसते. घाटात कुणाला साधं खरचटलं नाही माझ्या गाडीत.

मग ती फिट आली. दस्तुरीच्या रांगेत, गाडी उभी असताना. शुद्धीवर आलो तेव्हा डोकं दशरथच्या मांडीवर आणि किल्ली त्याच्या खिशात. "आता नाय रं धन्या," एवढंच बोलला. इतकी वर्षं रांगेत माझ्या मागे गाडी लावणारा माणूस! डॉक्टरांनीही तेच सांगितलं, पण ते दुसऱ्या दिवशी. आधी दशरथने सांगितलं. त्याचा राग अजून गेलेला नाही. जायलाही नको.

गोळी सकाळ-संध्याकाळ घेतो. चुकवत नाही.

माथेरानातच का नोकरी धरलीस, म्हणून विचारतात. सोपं आहे. जिथे कुणीच गाडी चालवत नाही, तिथे माझ्याकडे वळून कोण बघणार?

१४ जुलै, सोमवार

रूपालीचा फोन. "जेवलात? गोळी घेतली? त्या रंगाचा वास घेऊ नका, डोक्यात जायचा." मास्क लावतो म्हटलं. "मास्क लावा नायतर काय बी लावा, खिडकी उघडा." खिडकी उघडली की धुकं आत, बंद केली की वास आत! तिला म्हटलं, डॉक्टरांनी वासाला मनाई केलेली नाही.

"मी केलीय," म्हणाली.

आज दाराशी पंखा लावला. बायकोचं ऐकलं असं कुणी समजू नये. डोकं दुखत होतं म्हणून लावला.

१५ जुलै, मंगळवार

वीज नाही. पंखा नाही. काम नाही. चिडचिड.

२१ जुलै, सोमवार

गजादादाचा फोन. थोरला भाऊ म्हणजे दर महिन्याला एकदा शहाणपण शिकवणारच. "धन्या, ती ओम्नी सडतेय रं. गिऱ्हाईक बघू का?"

नाही.

"आरं पन तू चालवनार नाय..."

नाही म्हटलं ना!

"मंग चालवनार कोन?"

फोन ठेवून दिला. सडू दे. माझी गाडी आहे, माझ्या दारात सडेल.

रूपालीला लगेच सांगितलं, दादा कुणाला घेऊन आला तर दार उघडू नकोस. एप्रिलात "दारं उघडून वारा लावते" म्हणून तिने किल्ली मागून घेतली होती. आता परत दे म्हटलं, तर म्हणते, "ऱ्हाऊ द्या की माझ्याकडं."

मला हे आवडलेलं नाही.

२४ जुलै, गुरुवार

सापडलं! इतके दिवस डोळ्यांसमोर होतं!

पॅसेजमधल्या चादरींच्या कपाटात बुरशी धरू नये म्हणून हॉटेलच्या शेठने साठ वॉटचा बल्ब लावून ठेवलाय, पावसाळाभर चालू असतो. अख्ख्या माथेरानात कोरडी जागा तेवढीच. आज खालच्या कप्प्यातल्या चादरी वर कोंबल्या आणि ओम्नी आत ठेवली. दोन तास. बाहेर काढली तर नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखी ऊबदार. स्प्रेचा डबा कोमट पाण्यात बसवला. मग सात नंबरमध्ये, मोठ्या खोक्याच्या आत धरून, एकच पातळ हात.

पांढरा फुटला नाही.

फुटला नाही!! पुन्हा पुन्हा बॅटरी मारून बघितलं.

२९ जुलै, मंगळवार

दुसरा हात. तोही बसला. शेठचा मुंबईहून फोन, कपाटाचा बल्ब चालू आहे ना? चालू आहे म्हटलं. चादरी ठीक? चादरी मजेत आहेत म्हटलं. खोटं काय त्यात? फक्त त्यांना थिनरचा वास येतोय. सप्टेंबरच्या आत धुऊन टाकीन.

१ ऑगस्ट, शुक्रवार

तिसरा हात. आरशासारखी झालीय. खिडकीबाहेर दहा पावलांवरचं झाड दिसत नाही इतकं धुकं, आणि आत माझी लाल ओम्नी चकाकतेय. फुरकानने दोन्ही हात वर केले, "हरलो भाऊ." घोड्यालाही दाखवली. त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं.

डबा हलवून बघितला. तळाला थोडा उरलाय. ठेवून दिला.

८ ऑगस्ट, शुक्रवार



फुरकान नेरळहून आला. गोणी उतरवता उतरवता सहज म्हणाला, "तुमची ओम्नी बघितली काल. पंपापाशी." म्हटलं, माझी भिसेगावात आहे. "आवो तुमचीच. मागच्या काचेवर तुमचा गनपती हाय ना? दशरथ व्हता आत. काचा वाफेनं भरलेल्या, पन हात केला त्यानं मला."

दशरथ.

रूपालीला फोन लावला. गाडी कुठे आहे? म्हणे, "फोनवर नको. भेटल्यावर सांगते." दशरथला लावला. "घाटात हाय रं, नंतर करतो," आणि कट!

विकली. मला न विचारता विकली, आणि तीही त्यालाच. ज्याने हातातली किल्ली काढून घेतली, त्यालाच गाडी.

९ ऑगस्ट, शनिवार

रूपालीचे चार फोन. उचलले नाहीत. गोळी घेतली, एवढा निरोप पाठवला.

११ ऑगस्ट, सोमवार

रडलो. लिहून ठेवतो, लाज कसली? कागदाशिवाय वाचणार कोण?

गाडीसाठी नाही रडलो. गाडी म्हणजे पत्राच. रूपालीने मला न सांगता केलं, ते लागलं. फिटनंतर वर्षभर घरातले सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायचे, काचेचं भांडं असल्यासारखे. ती एकटीच पहिल्यासारखी ओरडायची. तीही आता हळू आवाजात बोलणाऱ्यांतली झाली.

ठीक आहे. मी खाली जाणार नाही. गणपतीलाही नाही. दस्तुरीच्या खाली माझं काय राहिलंय?

१३ ऑगस्ट, बुधवार

आज नंबरप्लेट लिहिली. ब्रशचे तीन केस ठेवून बाकीचे कापले आणि माझा नंबर घातला, पूर्ण. मागच्या काचेवर तांदळाएवढा गणपती. एक नंबरच्या खणात ठेवली. धुकं होतं, वीज नव्हती, डॉक्टर, दादा, दशरथ सगळे नाही म्हणत होते — तरी झाली! ही कोणी विकू शकत नाही. हिची किल्लीच नाही.

बराच वेळ समोर बसून राहिलो. छान झालीय. पण आत कोणी बसलेलं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी दहाला रूपालीचा फोन. चुकून उचलला गेला. "दस्तुरीला आलेय. या."

कशाने आलीस?

"आपल्या गाडीनं."

दशरथ घेऊन आला?

"दशरथभावजी डावीकडं बसलेत. घाटभर डोळं मिटून व्हते." मागून तो खो खो हसला.

तीच बोलत होती. एप्रिलपासनं शिकतेय, भावजींनीच शिकवलं, लायसन झालं. आधी सांगितलं असतं तर तुमी नाय म्हनला असता. म्हटलंच असतं! मग एकदम आवाज बारीक करून, "जुम्मापट्टीच्या वळनावर डावा पत्रा जरा घासलाय. वरडू नका."

लाल डबा हलवून बघितला. आहे थोडा. घेऊन निघतोय.